धर्मापुरीला गेलेला फोन

१

बुधवारी सकाळी तेजश्री पवळे वारली आणि दुपारपर्यंत परत जिवंत झाली. मधल्या वेळात माजलगावनं तिच्यासाठी जे काही केलं ते बघता माणसानं एकदा तरी असं मरून बघावं, असं मला वाटून गेलं. बाजार समितीसमोर धुळाजीरावांचा श्रद्धांजलीचा बॅनर लागला. त्यात तेजश्री कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढी आणि हात जोडलेले धुळाजीराव पुरुषभर उंचीचे. परक्या माणसाला वाटावं, गेले ते धुळाजीरावच. धुळाजीराव म्हणजे आमचे पुढारी. लग्न असो की मयत, फोटो त्यांचाच.

मी राधाकिशन. इथल्या कॉलेजात मराठी शिकवतो आणि नाट्यमंडळाचा सचिव आहे. त्यामुळे बातमी कळताच मी आधी मटकन खाली बसलो आणि मग मला शनिवारचा प्रयोग आठवला. तेजश्री पंधरा वर्षांनी गावात नाटक करायला येणार होती. सगळ्या खुर्च्या विकल्या गेल्या होत्या. माणूस किती स्वार्थी असतो ते अशा वेळी कळतं.

तेजश्री आमचीच. मंडळाच्या नाटकातून राज्य स्पर्धेत बक्षीस घेऊन ती मुंबईला गेली. पुढं व्यावसायिक नाटकं, चार-दोन सिनेमे, मालिकांतल्या जावा-नणंदा आणि या सगळ्याहून मोठा तिचा आवाज. दक्षिणेकडच्या सिनेमांतल्या कितीतरी नायिका मराठीत तिच्या तोंडून बोलतात. कार्टूनमधलं एक खोडकर अस्वल तिच्याच गळ्यातून हसतं. पण गावाला यातलं काही सांगू नका. गावासाठी ती घंटागाडीवाली तेजश्री. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा, हे तिनं फार पूर्वी हौसेनं रेकॉर्ड करून दिलं होतं आणि तेव्हापासून रोज सकाळी ती दारोदार बोलते.

बुधवारी दुपारी तिनं स्वतःच व्हिडिओ टाकून, मी धडधाकट आहे, असं सांगितलं. शुक्रवारी ती आली. शनिवारी सकाळी माझ्या घरी चहा घेताना तिनं हळू आवाजात एक अट घातली. ही बातमी कुणी काढली ते तिला प्रयोगाच्या आधी कळायला हवं होतं.

"सर, कुणा रिकामटेकड्यानं केलं असेल तर मी हसून सोडून देईन," ती म्हणाली. "पण माझ्या घरातून निघालं असेल तर मी संध्याकाळी उभी राहू शकणार नाही. मला जमणारच नाही ते."

तिच्या मनात काय आहे ते मला ठाऊक होतं. ती मुंबईला निघाली तेव्हा तिची आई तुळजाबाई एसटी स्टँडवर सगळ्यांदेखत म्हणाली होती, की आजपासून तू मला मेलीस. त्या दिवसापासून आईनं बोलणं टाकलं होतं. पुढं वडील गेले, भाऊ पुण्याला गेला, तरी ती गाठ सुटली नव्हती.

बातमी निघाली कुठून, एवढं तरी आम्हाला ठाऊक होतं. तेजश्रीचे मामा सटवाजी परळी तालुक्यात धर्मापुरीला राहतात. बुधवारी सकाळी त्यांना एका बाईचा फोन आला. मामांनी हंबरडा फोडला, गल्ली गोळा झाली, नातवानं तेजश्रीचा हार घातलेला फोटो मोबाइलवरून सोडला आणि जिल्हाभर झालं. आता तो नंबर कुणाचा, हेही सापडलं होतं. तो आमच्या हैदरचा होता.

२

हैदर स्टँडसमोर फळांचा गाडा लावतो. तो आमच्या मंडळाची प्रकाशयोजनाही करतो, तेजश्रीच्या पहिल्या नाटकापासून. ती त्याला राखी पाठवायची. तो असलं काही करील, हे मला पटेना. पण विचारलं तर एवढंच म्हणाला, "सर, एका बाईनं फोन मागितला, मी दिला. कोन होती, याद न्हाई."

धुळाजीरावांचा फोन आला. संध्याकाळच्या आत हैदरवर तक्रार झाली पाहिजे, नाहीतर मी स्वतः ठाण्यात जातो, असं त्यांचं म्हणणं. त्यांना न्यायाची एवढी घाई कधी पाहिली नव्हती. बॅनर फुकट गेल्याचा राग असावा.

तेव्हा मी मागच्या गल्लीत जाऊन छबुबाईंना घेऊन आलो. छबुबाई पोलिसांतून फौजदार म्हणून निवृत्त झाल्या. अख्खं गाव त्यांना फौजदारमावशी म्हणतं. अंगानं बारीक, बोलणं त्याहून बारीक. त्यांची तपासाची एक रीत आहे. घटना घडली तेव्हा तुम्ही कुठं होता, हे त्या कधीच विचारत नाहीत. ते माणूस पाठ करून येतो, असं त्यांचं मत. त्या एकच विचारतात, बातमी कळल्यावर तुम्ही काय केलं.

पहिला प्रश्न त्यांनी तेजश्रीलाच केला. ती म्हणाली, मी स्टुडिओत एका साबणाच्या जाहिरातीला आवाज देत होते, फोन बाहेर ठेवलेला. बाहेर आले तर सगळे रडके निरोप.

"आधी काय मनात आलं?" छबुबाईंनी विचारलं.

"माय. तिला कुणी सांगितलं असेल का, हे."

वातावरण हलकं करावं म्हणून मी तिच्या चालू मालिकेचा विषय काढला. मंगळवारचा भाग गावात फार गाजला होता. नदीकाठी नवऱ्याचं पिंडदान चाललंय आणि एक कावळा झडप घालून तेजश्रीच्या डोक्यावर चोच मारतो, ती कोसळते, तिथंच भाग संपला. माझी बायको रात्री जेवली नव्हती. तेजश्री हसली. कावळा नव्हताच म्हणे. ती हिरव्या कापडापुढं नुसते हात झाडत होती, कावळा मागाहून कॉम्प्युटरवर काढला. वर त्या दिवशी तापानं तिचा घसा पार बसलेला. दिग्दर्शक म्हणाला, असू दे, विधवेला शोभतो.

"आता घसा बरा हाय ना? संध्याकाळी नाटक हाय," छबुबाई म्हणाल्या.

त्यावर तेजश्रीनं घंटागाडीचं पहिलं वाक्य म्हणून दाखवलं. आवाज कसा खणखणीत. शेजारच्या बाई खरोखर डबा घेऊन दारात आल्या.

३

धुळाजीराव कार्यालयात भेटले. बातमी कळल्यावर मी तात्काळ बॅनर सांगितला, हे त्यांनी अभिमानानं सांगितलं. छबुबाईंनी विचारलं, घरी फोन केला का तेजश्रीच्या, आईकडं गेलात का? ते गडबडले. बॅनरच्या नादात राहिलंच म्हणाले. बाहेर आल्यावर छबुबाई म्हणाल्या, "ह्यानं न्हाई केलं. ह्याला आधी ठावं असतं तर बॅनर आदल्या दिवशीच छापून ठेवला असता."

माझा खरा संशय स्वप्नालीवर होता. ही आमच्या मंडळातली गुणी मुलगी. या नाटकातली मुख्य भूमिका आधी तिच्याकडं होती. तेजश्री यायचं म्हणाली आणि आम्ही तिला बाजूला करून शेजारणीचं काम दिलं. तिनं तोंडातून शब्द काढला नव्हता, आणि गप्प माणसाची मला नेहमी धास्ती वाटते.

स्वप्नाली नाट्यगृहात कपड्यांना इस्त्री करत होती. छबुबाईंचा प्रश्न ऐकून तिचे डोळे भरून आले.

"खरं सांगू मावशी? रडले. लई रडले. आन् मग तासाभरानं आतून कडी लावली आन् तेजूताईंची सगळी वाक्यं म्हणून बघितली. पाठ होती. लाज वाटली स्वतःची."

तिथून निघाल्यावर मी म्हणालो, पुरावा मिळाला की. छबुबाई माझ्याकडं कीव आल्यासारखं बघत राहिल्या. जिनं केलंय ती हे सांगेल का, सर? शिवाय जिला तेजश्रीबाईंना अडवायचं हाय ती मुंबईला कळवील, मंडळाला कळवील, तुम्हाला कळवील. धर्मापुरीच्या म्हाताऱ्याला कशाला?

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. बातमी पसरवायची असती तर मोबाइलवर सोडली असती, एका बोटाचं काम. इथं कुणीतरी जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, एका कमी ऐकू येणाऱ्या म्हाताऱ्याला फोन लावला होता. आणि तोही एकट्यालाच.

४

धर्मापुरीला छबुबाईंनी माझ्याच फोनवरून बोलणं केलं. सटवामामा मोठ्यानं बोलतात, त्यामुळं मलाही सगळं ऐकू आलं. बाईचा आवाज ओळखू आला नाही, ती रडत होती. बोलली फक्त एवढंच, "तुमची तेजश्री गेली. रडून घ्या." आणि फोन ठेवला.

"रडून घ्या म्हणली?" छबुबाईंनी दोनदा विचारलं.

मामा हो म्हणाले. त्यांना ते विचित्र वाटलं होतं, पण अशा वेळी शब्द कोण मोजतो.

मग आम्ही हैदरकडं गेलो. तो डाळिंबं पुसून रचत होता. छबुबाई गाड्यामागच्या स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, हैदर, तेजश्री गेल्याचं कळलं तेव्हा तू काय केलंस?

शेजारचा चहावाला आगाऊ होता, तोच मध्ये बोलला. म्हणाला, सगळं स्टँड हळहळत होतं आणि हैदरभाई आरामात पपया कापत होते, गाडा दिवसभर उघडा. मी हैदरकडं बघत राहिलो. ज्या बाईची राखी बांधायची तिच्या मरणाच्या दिवशी हा माणूस धंदा करत होता. मला त्याक्षणी त्याची किळस आली, खोटं कशाला बोलू.

छबुबाईंनी त्याचा फोन मागून घेतला. धर्मापुरीच्या नंबरावर सकाळी एक फोन गेलेला. त्यानंतर थोड्या वेळानं त्याच नंबरावर पुन्हा फोन लावलेला, तो लागला नव्हता. पुन्हा लावलेला, पुन्हा नाही. मामांकडं तोवर रडणाऱ्यांची रांग लागली होती, फोन मोकळा कुठून मिळणार.

"ही बाई परत आली व्हती तर," छबुबाई म्हणाल्या. "एकदा आलेली याद राहू नये, एवढं ठीक. तीन तीन बार फोन लावणारी याद न्हाई?"

हैदर डाळिंब पुसत राहिला. मान वर न करता म्हणाला, "मावशी, तक्रार करायची तर करा. मी जबान दिली हाय. मला त्यातलं काय कळत न्हाई, पन जबान म्हंजे जबान."

धुळाजीरावांचा माणूस तिकडून येताना दिसत होता. छबुबाई उठल्या आणि मला म्हणाल्या, चला, तुळजाबाईकडं.

५

तुळजाबाई दोन खोल्यांच्या घरात एकट्याच राहतात. अंगण शेणानं सारवलेलं, भांडी लख्ख. कोपऱ्यात टीव्ही होता, त्यावर विणलेलं फडकं घालून वर देवाचा फोटो ठेवलेला. त्यांनी आम्हाला पाणी दिलं, पण मुलीचं नाव निघताच चेहरा दगड झाला.

"मी तिचं काय बघत न्हाई न् ऐकत न्हाई," त्या म्हणाल्या. "त्या डब्ब्यावर फडकं हाय, बघा की."

छबुबाईंनी त्यांचा प्रश्न विचारला. बातमी कळल्यावर काय केलं?

"भाकरी करत व्हते. केल्या."

"रडलात?"

"न्हाई."

मला बाईचा संताप आला. स्वतःची पोर गेली असं ऐकून भाकरी थापणारी आई मी तरी पाहिली नव्हती. तेजश्रीला हे कसं सांगावं ते मला सुचेना. संध्याकाळचा प्रयोग गेलाच, आणि ही पोरगी परत कधी या गावात पाऊल टाकणार नाही, हेही दिसू लागलं.

आम्ही चपला घालत होतो तेव्हा तुळजाबाई दारापर्यंत आल्या. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "नाटक हाय म्हणं आज. तिला म्हणावं ज्येष्ठमध धर तोंडात. घसा लई बसलाय."

मी मान हलवली. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर छबुबाई थांबल्या. त्यांनी मला विचारलं, सर, तेजश्रीबाईंचा घसा बसलाय का?

नाही, मी म्हणालो. आज सकाळी शेजारीण डबा घेऊन आली की.

"घंटागाडीत बसलाय?"

नाही. बुधवारच्या व्हिडिओत? तोही स्वच्छ. मग मी तोंड उघडलं आणि तसाच उभा राहिलो.

६

नाट्यगृहात तेजश्री रंगमंचाच्या कडेला पाय सोडून बसली होती. बॅग भरून शेजारी ठेवलेली. छबुबाईंनी हैदरलाही बोलावून घेतलं होतं. तो प्रकाशाच्या खांबाला टेकून उभा राहिला.

छबुबाईंनी सावकाश मांडायला सुरुवात केली. ही बातमी वैऱ्यानं दिलेली नाही. वैरी चार ठिकाणी सांगतो, हिनं एकाच ठिकाणी सांगितलं. वैरी परत फोन करत नाही, ही पुन्हा पुन्हा करत होती. म्हणजे पहिल्या फोनवर जे सांगितलं ते दुसऱ्या फोनवर पुसायचं होतं. आणि रडून घ्या, असं मेलेल्या माणसाच्या घरी कुणी सांगत नाही. रडणं हेच काम असेल तरच सांगतं.

"हैदरनं गाडा बंद केला न्हाई, कारण त्याला ठावं व्हतं बातमी खोटी हाय. पोलिसाचं भ्या घातलं तरी त्यानं नाव घेतलं न्हाई. हा माणूस कुणासाठी येवढा गप बसंल?"

"माय," तेजश्री म्हणाली.

"तुमची माय तुमची मालिका बघते. रोज बघती आसंल. तुमचा घसा बसलेला फक्त मंगळवारी ऐकू आला, आन् ती म्हणती घसा लई बसलाय. मंगळवारी आजून काय झालं मालिकेत?"

मग मलाच आठवलं. मी लहान असताना माझ्या चुलत्याच्या डोक्याला कावळा शिवला होता. कावळा डोक्याला शिवला म्हणजे मरण शिवलं, असं आमच्याकडं जुनी माणसं मानतात. त्यावर उतारा एकच. त्या माणसाच्या मरणाची खोटी बातमी जवळच्या सोयऱ्याला धाडायची, मामाला धाडली तर उत्तम. सोयऱ्यांनी खरं समजून रडलं पाहिजे. रडणं झालं की मरण चुकतं, आणि मग ताबडतोब दुसरा निरोप जातो, माणूस सुखरूप आहे. आधी कुणाला सांगितलं तर उतारा फळत नाही. आमच्या वडिलांनी त्या वेळी धाय मोकलून रडून घेतलं होतं आणि मग निरोप्याला काठी घेऊन गल्लीभर पळवलं होतं. एवढं असून मी शहाणा सकाळपासून स्वप्नालीवर संशय धरून होतो.

स्वतःच्या फोनवरून केलं असतं तर भावानं नंबर ओळखला असता, उलट फोन केला असता. म्हणून तुळजाबाई स्टँडवर गेल्या. रडकं तोंड पदरात झाकून त्यांनी हैदरचा फोन मागितला, आणि फोन झाल्यावर त्यानं ओळखलं तेव्हा बातमी खोटी असल्याचं सांगून त्याच्याकडून शब्द घेतला. फक्त एक गोष्ट त्यांच्या हिशेबात नव्हती. पूर्वी रडणं एका घरात राहायचं. आता भावाच्या नातवाच्या हातात मोबाइल होता, आणि दुसरा निरोप पोचायच्या आत धुळाजीरावांनी हात जोडले होते.

हैदर खाली बघत म्हणाला, "तेजू, तुझी माय तुझ्या मौतीची खबर देऊन राहिली, हे मी तुला कोनत्या तोंडानं सांगू? मला वाटलं, मी जेलात गेलेला बरा."

तेजश्री उठली. बॅग तिथंच ठेवून ती चालू लागली. तिनं मला सोबत यायची खूण केली.

तुळजाबाईंच्या दारात मी उंबऱ्याबाहेरच थांबलो. पण घर केवढं, ऐकू यायचं ते आलंच. आत परात सरकल्याचा आवाज झाला. मग तेजश्रीनं आमच्या गावच्या बोलीत बोलायला सुरुवात केली. तिच्या तोंडून ती बोली मी पंधरा वर्षांनी ऐकत होतो.

"माय, त्यो कावळा खरा नव्हता. कॉम्प्युटरवर काढलेला व्हता."

"आसंल," तुळजाबाई म्हणाल्या. "सटवादादा रडला ते खरं हाय ना? मग झालं."

"समदा जिल्हा रडला. तू कावून रडली न्हाईस?"

थोडा वेळ भाकरी थापल्याचा आवाज येत राहिला, मग तोही थांबला.

"मी कावून रडू? मला ठावं व्हतं ना, तू जित्ती हाईस."

त्यानंतर आतून जे रडणं ऐकू आलं ते दोघींचं होतं, आणि मी अंगणाच्या पार टोकाला जाऊन उभा राहिलो. नाट्यगृहातून स्वप्नालीचे फोन येत होते, खुर्च्या भरल्या होत्या, धुळाजीराव पुढच्या रांगेत येऊन बसले होते. प्रेक्षकांना थोडं थांबवून ठेव, असं मी तिला कळवलं.